घरातल्या संगणकांची जोडणी: अनुभवाचे बोल

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरात वडिलांचा संगणक खाली, माझा वर आणि मुलीचा लॅपटॉप घरभर. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थात वडिलांनी काढलेले फोटो सगळ्यांनाच हवे असतात. पेनड्राइव्हची ने-आण थांबावी म्हणून घरात फाइल शेअरिंग सुरू केलं. त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. घरात नेटवर्क एकच असावं. जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळे वर दुसरा राउटर लावला जातो आणि तो बरेचदा स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. मग वरचे-खालचे संगणक एकमेकांना दिसत नाहीत. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा.

२. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवावं. ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल दुसऱ्या संगणकाला आत घेत नाही. बाहेरच्या वाय-फायवर मात्र ‘पब्लिक’च योग्य.

३. नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. इथे कंटाळून पासवर्डची अटच काढून टाकायचा मोह होतो. त्यापेक्षा शेअरिंगसाठी वेगळं साधं खातं उघडावं.

४. परवानग्या दोन ठिकाणी असतात: ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, तेव्हा आधी हे तपासावं. फोटो पाहण्यापुरती ‘रीड’ परवानगी पुरते.

५. ज्या संगणकावर फाइली आहेत, त्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा. नाहीतर पत्ता बदलतो आणि कालपर्यंत चालणारा शॉर्टकट आज चालत नाही. तो संगणक झोपी जाणार नाही, हेही पाहावं.

६. विंडोजचं फाइल शेअरिंग ज्या प्रोटोकॉलवर चालतं, त्या एसएमबीची पहिली आवृत्ती बंदच ठेवावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा प्रोग्राम) याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरलं. तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. एखाद्या जुन्या उपकरणासाठी सगळं घर धोक्यात घालू नये.

७. मोठ्या फाइलींसाठी केबल टाकावी. गिगाबिट जोडणीत सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, १०० मेगाबिटच्या जोडणीत जेमतेम १२. केबलमधल्या आठही तारा नीट जोडलेल्या नसतील, तर वेग १०० मेगाबिटवर घसरतो.

८. शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे. नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि एका संगणकात शिरलेलं रॅन्समवेअर शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत पोचू शकतं. म्हणून फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. पुढच्या सिंहस्थाच्या फोटोंना जागा करण्याआधी जुन्यांची ही सोय करून घ्या.