बयादेरचा पोशाख : एका शब्दाचा आणि काही वस्त्रांचा प्रवास

१

शब्द परदेशी जातो तेव्हा अंगावरच्या वस्त्रानिशी जातो आणि परततो तो बहुधा दुसऱ्याच कोणाचे कपडे घालून. ‘बयादेर’ हा फ्रेंच शब्द याचे एक उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. पोर्तुगीज भाषेत ‘बायलादैरा’ म्हणजे नाचणारी स्त्री. गोव्यातील देवळांशी निगडित कलावंतिणींना आणि त्यांच्यासारख्या नर्तकींना पोर्तुगीजांनी हे नाव दिले. फ्रेंचांनी ते उचलून आपल्या उच्चाराच्या साच्यात बसविले. पुढे त्याच नावाचे कापडही निघाले : आडव्या, भडक पट्ट्यांच्या वस्त्राला यूरोपातील कापडबाजार ‘बयादेर’ म्हणू लागला. कोकणकिनाऱ्यावरील एका स्त्रीवर्गाचे नाव अखेरीस कापडाच्या ठाणावर जाऊन बसावे, हा भाषेचा एक मिश्किल खेळच होय. मात्र या खेळात काय हरवले, हे पाहणे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला आवश्यक आहे.

२

यूरोपातील स्वच्छंदतावादी बॅलेचा आरंभ सामान्यतः १८३२ सालापासून मानतात. त्या वर्षी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ रंगभूमीवर आले आणि मारी ताल्योनी ही नर्तकी पोटरीपर्यंत येणाऱ्या घंटाकार पांढऱ्या घागऱ्यात, पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून वावरू लागली. तिच्या पायांतील सॅटिनचे जोडे आजच्यासारखे टणक नव्हते. टोकाला दोऱ्याने रफू करून त्यांना जेमतेम आधार दिलेला असे. भार सारा पायांवर आणि आभास मात्र भारहीनतेचा, असे हे शास्त्र होते.

या परीचे स्वर्गीयत्व बरेचसे कारखान्यातून आलेले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. जाळीचे कापड विणणाऱ्या यंत्राचे पेटंट इंग्लंडात हीथकोटने १८०९ मध्ये घेतले होते. पॅरिसच्या ऑपेरात गॅसचे दिवे १८२२ मध्ये आले होते. खळ दिलेली विरळ मलमल आणि गॅसचा मंद, निळसर उजेड यांचा संयोग झाला नसता, तर वनदेवता आणि आत्मे यांचे नृत्य इतके विश्वसनीय वाटले असते की नाही, याची शंकाच आहे. यंत्रयुगाला कंटाळून स्वप्नात शिरलेल्या रसिकाला ते स्वप्नही यंत्रानेच विणून दिले होते.

ताल्योनीच्या लोकप्रियतेला सीमा राहिली नाही. इंग्लंडात एका ओव्हरकोटाला तिचे नाव मिळाले, एका घोडागाडीलाही मिळाले. १८४२ मध्ये तिने रशियाचा निरोप घेतला, तेव्हा तिच्या जोड्यांचा एक जोड भक्तांनी दोनशे रूबलला विकत घेतला, शिजवला आणि रस्सा घालून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्राने यावर फार हसू नये. बालगंधर्वांच्या शालूची नेसण आणि केसांतील गजरा पाहून घरोघरच्या स्त्रियांनी आपले वळण बदलले, तर पुरुषांनी ‘गंधर्व टोपी’ डोक्यावर चढविली. पॅरिसमध्ये त्याच शतकात पुरुषनर्तकाची किंमत इतकी घसरली, की १८७० च्या ‘कोपेलिया’त नायकाचे काम एका स्त्रीने केले, इकडे पुण्यात नायिकेचे काम पुरुष करीत होता. रंगभूमीला स्त्रीपुरुषांपेक्षा त्यांचे कपडे अधिक प्रिय असतात, असा निष्कर्ष कोणी काढल्यास त्याला सहज खोडून काढता येणार नाही.

३

‘ला सिल्फीद’च्या दोन वर्षे आधी, १८३० मध्ये, हीच ताल्योनी ‘देव आणि बयादेर’ या ऑपेरा-बॅलेत भारतीय नर्तकी झाली होती. कथा गटेच्या १७९७ मधील कथाकाव्यावरून घेतलेली, संगीत ओबेरचे. या कृतीत इतर पात्रे गातात. बयादेर मात्र गात नाही, केवळ नाचते. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो. परंतु प्रस्तुत विषयाचे मर्म त्यातच आहे. यूरोपने भारतीय नर्तकीला रंगमंचावर आणले आणि आणतानाच मुकी केले.

ज्या परंपरेतून ती घेतली, त्या परंपरेत नर्तकीचे नृत्य आणि शब्द वेगळे काढता येत नाहीत. याचा पुरावा मराठीतच आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे यांचे निधन १८३२ सालीच झाले. त्यांच्या नावावरील ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या ग्रंथात नृत्यासाठी रचलेले मराठी साहित्य आहे : शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना अशा क्रमाने. तंजावरी ‘निरूपण’ प्रकाराचे वैशिष्ट्य असे, की या निरनिराळ्या रचनांतून एकच कथा ओवलेली असते. पॅरिस ज्या काळात बॅलेतून सलग कथा सांगण्याची रीत घडवीत होते, त्याच सुमारास कावेरीच्या खोऱ्यात, तमिळ प्रदेशात, मराठी भाषेत तेच काम चालले होते. फरक इतकाच की येथे कथा पायांनी, हातांनी आणि शब्दांनी मिळून सांगितली जाई. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू हे प्रसिद्ध बंधू याच दरबारचे. त्यांपैकी चिन्नय्या पुढे म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या आश्रयास गेला. कर्नाटकाच्या नृत्यपरंपरेशी तंजावरचा धागा असा जोडला गेला.

४

१८३८ मध्ये कल्पनेतील बयादेर आणि खरी नर्तकी यांची समोरासमोर गाठ पडली. पाँडिचेरीनजीकच्या तिरुवेंदिपुरम् येथील पाच देवदासी आणि तीन वादक एका फ्रेंच व्यवस्थापकाबरोबर पॅरिसला गेले. ऑगस्टमध्ये त्यांचे प्रयोग तेथील व्हारिएते नाट्यगृहात झाले आणि नंतर लंडनच्या ॲडेल्फी नाट्यगृहात. प्रेक्षकांना अपेक्षा मलमलीच्या ढगाची. समोर आल्या त्या भरगच्च वस्त्रांतल्या, दागिन्यांनी लगडलेल्या, अनवाणी पायांत घुंगरू बांधलेल्या, जमिनीशी नाते न तोडणाऱ्या स्त्रिया. ताल्योनी जमीन सोडू पाहत होती. या जमिनीवर पाय आपटून तिला जागे करीत होत्या.

कवी व समीक्षक तेओफील गोतिये त्यांच्यावर, विशेषतः अम्मणी या नर्तकीवर, लुब्ध झाला आणि त्याने त्यांच्यावर लिहिले. बार या शिल्पकाराने अम्मणीची मूर्ती घडविली. गोतियेने तिचा वर्ण, अलंकार, वस्त्रे, डोळे यांचे मनःपूर्वक वर्णन केले. परंतु ती जे अभिनीत करीत होती त्या पदांचा अर्थ त्याच्या हाती येणे शक्यच नव्हते. तीन वर्षांनी त्याने ‘जिझेल’च्या संहितेत सहलेखन केले. विवाहापूर्वीच मेलेल्या आणि रात्री नाचत राहणाऱ्या कुमारिकांचा तो मेळा. त्यांत झुल्मे नावाची एक बयादेरही त्याने घातली. विरोधाभास पाहण्यासारखा आहे. देवदासी ही आपल्या परंपरेत नित्यसुमंगली, जिला वैधव्य नाही. फ्रेंच कवीने तिला अविवाहित प्रेतात्म्यांच्या रांगेत पांढरी वस्त्रे देऊन उभी केली. पोशाखाचे हे भाषांतर अर्थाच्या नेमके उलट आहे.

१८५८ मध्ये गोतियेच्याच संहितेवर ‘साकुंतला’ हे बॅले पॅरिसमध्ये झाले. कालिदासाची नायिका तेथे एक शब्दही न बोलता नाचली. बावीस वर्षांनी, १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे केले. तेथे ती पदोपदी गाऊ लागली. १८७७ मध्ये पीटर्सबर्गला पेतिपाने ‘ला बयादेर’ रचले. त्यातील मृत देवदासीची छाया हिमालयाच्या उतारावरून शेकडो पावलांनी खाली येते, तीही पांढऱ्या जाळीत आणि मूकच.

५

हा सारा वस्त्रांचा विनोद येथेच थांबला असता, तर त्याकडे हसून पाहता आले असते. परंतु त्या विरळ कापडाची किंमत नर्तकींनीच चुकती केली. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टरचा पोशाख दिव्याने पेटला आणि ती दगावली. बॅले होते जनानखान्याच्या बंडाविषयीचे. १८६२ मध्ये ताल्योनीची शिष्या एमा लिव्ह्री एका तालमीत भाजली आणि पुढील वर्षी वारली. कापड आग न धरणारे करण्याची प्रक्रिया तोवर उपलब्ध होती. परंतु त्याने मलमल मळकट व ताठ दिसते म्हणून तिने ती नाकारली होती. ती ज्या पात्राची तालीम करीत होती, तेही एका मुक्या मुलीचे. नर्तकीला केवळ दृश्य मानण्याची ही परिसीमा होय : तिला वाणी नको, वजन नको, आणि अखेरीस संरक्षणही नको.

६

विसाव्या शतकात ही दोन विश्वे पुन्हा जवळ आली. आन्ना पाव्हलोव्हाने १९२३ मध्ये उदयशंकरांबरोबर राधाकृष्णाचे नृत्य केले. बेंगळुरूत जन्मलेले राम गोपाल हे तंजावर बंधूंच्या वंशातील पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकले आणि १९६० मध्ये अलिशिया मार्कोव्हाबरोबर ‘राधा-कृष्ण’ नाचले. मार्कोव्हा ही तिच्या काळातील विख्यात जिझेल. गोतियेची नायिका साकारणारी नर्तकी आणि तंजावरच्या घराण्यात शिकलेला बेंगळुरूचा नर्तक यांनी एकत्र उभे राहावे, यात इतिहासाने आपली एक जुनी बाकी थोडीफार फेडली असे म्हणता येईल.

थोडीफारच; कारण खरी बाकी शब्दांची आहे. पदांचे मराठी, तेलुगू, तमिळ साहित्य हा नृत्याचा अलंकार नसून त्याचा देह आहे. नृत्याचा इतिहास वेशभूषेच्या चित्रांवरून लिहिला, की बयादेर उरते. त्या साहित्यासह लिहिला, तर अम्मणीला पुन्हा वाचा फुटते. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी यांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.