औषध लिहून देण्याचा अधिकार

अंथुर्णे परिसरांत उसाच्या रानांत काम करितांना पात्याचें टोंक डोळ्यास लागणें, ही नवलाची गोष्ट नव्हे. डोळा लाल होतो, पाणी गळतें, आणि घरचीं माणसें दुकानांतून थेंबांची कुपी आणितात. त्या कुपीविषयीं आम्ही येथें चार शब्द सांगणार आहों.

पात्याच्या जखमेंतून बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत बुरशी रुजूं शकते. अशा डोळ्यांत स्टेरॉईडचे थेंब घातले, तर लाली ओसरून आराम पडल्यासारखें वाटतें. परंतु आंत बुरशी बळावते व दृष्टि जाण्याचें भय असतें. हेच थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्यांतील दाब वाढून कांचबिंदूही होऊं शकतो. तेव्हां औषध ठाऊक असणें निराळें, आणि तें केव्हां देऊं नये हें कळणें निराळें.

हा निर्णय कोणीं करावा? नेत्रवैद्य हा वैद्यकाची पदवी घेऊन नेत्ररोगांत पारंगत झालेला असतो. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टिपरीक्षक, हा नजर तपासून चष्म्याचा नंबर देतो व रोगाचीं लक्षणें दिसतांच रोग्यास नेत्रवैद्याकडे पाठवितो. या विद्येचा चार वर्षांचा अभ्यासक्रम चालविणारी एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री ही संस्था चेन्नई येथें १९८५ सालीं निघाली. २०२१ च्या कायद्यानें या व्यवसायास मान्यता मिळाली. तथापि स्वतंत्रपणें औषध लिहून देण्याचा अधिकार आपल्या देशांत दृष्टिपरीक्षकास नाहीं.

अन्यत्र तो मिळाला आहे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यानें १९७६ सालीं दृष्टिपरीक्षकांस उपचाराचीं औषधें योजण्याची मुभा दिली. ब्रिटनमध्यें २००८ सालीं तशी वाट मोकळी झाली. मात्र त्यासाठीं पदवीनंतर निराळा अभ्यास, अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखालीं रोग्यांची प्रत्यक्ष तपासणी व शेवटीं परीक्षा, इतकें सर्व पार पाडावें लागतें.

विद्यार्थ्यांनीं यांतून इतकेंच ध्यानीं घ्यावें कीं, अधिकार हें अभ्यासाचें व उत्तरदायित्वाचें फळ आहे. पालकांस आमची विनंति अशी कीं, डोळ्यास पातें लागल्यास डोळा चोळूं नये, शेजाऱ्याची कुपी वापरूं नये, आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. परमेश्वरानें दिलेली दृष्टि हें मोठें दान होय. तें जपण्यांत आळस नसावा.