वाहिनीच्या टोकाची शाळा

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव समुद्राला लागून वसले आहे. शंकराचे देवालय आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. खारा वारा व पावसाळ्यातील झोडप या किनाऱ्यावरील विजेच्या तारांची दरवर्षी परीक्षा पाहतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात ठिकठिकाणी खांब कोसळले व वीजपुरवठा बंद पडला. त्या सुमारास साथीमुळे शिक्षकांचे प्रशिक्षणही मोबाईलवर आलेले होते. वीज आणि प्रशिक्षण यांचा संबंध किती निकटचा झाला आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वीज उपकेंद्रातून ११ किलोव्होल्ट दाबाने निघते, रोहित्रात तिचा दाब उतरविला जातो व शाळेत ती सुमारे २३० व्होल्ट दाबाने पोहोचते. तार लांब आणि भार अधिक असेल, तर वाटेत काही वीज उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते व टोकाच्या घरी दिवा मंद जळतो. दोष दिव्याचा नसतो, वाटेचा असतो.

प्रशिक्षणाचेही असेच आहे. राज्यातील तज्ज्ञ जिल्ह्याच्या मार्गदर्शकांस शिकवितात, ते तालुक्याच्या व तालुक्याचे केंद्राच्या मार्गदर्शकांस. प्रत्येक पायरीवर मूळ आशय थोडा थोडा गळतो. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ व्यासपीठाने ही वाट आखूड केली. ऑक्टोबर २०२० पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे पाठ त्यावरून दिले गेले आणि मूळ तज्ज्ञाचे विवेचन खेड्यातील शिक्षकास थेट ऐकता आले.

डिजिटल तंत्राचा दुसरा गुण असा की, टोकाकडील वार्ता परत केंद्राकडे येते. पूर्वी कोणत्या गावात अंधार आहे, हे तक्रार आल्यावाचून सहसा कळत नसे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या वितरणसुधार योजनेत वाहिन्या व रोहित्रे यांवर स्वतः नोंद पाठविणारे मीटर बसविण्याचा अंतर्भाव आहे. मीटरने तुटलेली तार सांधली जात नाही. परंतु गळती कोठे आहे ते दिसते व दुरुस्तीस माणूस नेमक्या जागी धाडता येतो.

प्रशिक्षणातील प्रमाणपत्र हे उपकेंद्रातील नोंदीसारखे आहे. वीज निघाली, एवढेच ते सांगते. हातच्याची वजाबाकी मूल समजून करू लागले, ही टोकाची नोंद होय. म्हणून शिक्षकाने पाहिलेला पाठ आठवड्याच्या आत वर्गात करून पाहावा, जे अडले ते लिहून ठेवावे आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावे. टोकाकडूनही नवे काही निघू शकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

वर्गासाठी उपक्रम : इयत्ता पाचवीच्या मुलांनी शाळेच्या मीटरचा आकडा महिनाभर रोज ठरावीक वेळी वहीत टिपावा. आजच्या आकड्यातून कालचा वजा करून रोजचा वापर काढावा. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते, हे समजावून द्यावे. वीज गेल्याची व आल्याची वेळ शेजारच्या रकान्यात लिहावी. शेवटी स्तंभालेख काढावा. आकडा दुरून वाचावा. मीटरला अथवा पडलेल्या तारेला कोणीही हात लावू नये.

पावसाळ्यापूर्वी शिक्षकाने आवश्यक पाठ मोबाईलवर उतरवून ठेवावेत. वादळात तार तुटली तरी पाठ खंडित होऊ नये, ही सिद्धता मात्र शाळेच्याच हाती आहे.