एकाच फरशीचे कोडे

चौकोनी फरश्यांची जमीन पाहा. तोच नमुना पुन्हा पुन्हा येतो. पण कशाही जोडल्या तरी आवर्तन होऊच नये आणि फटही राहू नये, असा एखादा आकार असेल काय? रॉजर पेनरोज यांना १९७० च्या दशकात त्यासाठी दोन आकार लागले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ यांना असा एकच आकार गवसला. हे गृहस्थ गणिती नव्हेत, छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेले! त्यांनी जाड कागदाचे १३ बाजूंचे तुकडे कापून जुळवले. तुकडे बसत गेले, आवर्तन दिसेना. पण ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’, असे गणितात चालत नाही. तीन तज्ज्ञांसह त्यांनी मार्च २०२३ मध्ये सिद्धता मांडली. किचकट पडताळणी संगणकाने केली. मात्र या ‘टोपी’च्या काही फरश्या उलट्या बसवाव्या लागतात. तीही अडचण त्याच चौघांनी मे महिन्यात नव्या आकाराने दूर केली.