मेघावरून पाऊस आणि पुरावरून पाऊस

वाचक हो, ज्येष्ठ लागला की आपल्या भागात दोन गोष्टींची वाट पाहणे सुरू होते. एक पालखीच्या प्रस्थानाची आणि दुसरी पावसाची. प्रस्थानाची तिथी ठरलेली असते. पावसाला तिथी नाही. म्हणून भोसरी, मोशी, कुरुळी, महाळुंगे, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात हल्ली जो तो हातातल्या फोनवर आभाळ पाहतो. रात्रपाळी करून आलेला मुलगा नकाशावरचे ढगांचे रंग दाखवतो, बाप कांद्यावर ताडपत्री ओढावी की नाही याचा विचार करतो, आणि आम्ही कीर्तनाला गेलो की मंडळी आम्हांलाच विचारतात, "बुवा, ऑरेंज अलर्ट सांगितलाय म्हणे. मंडप घालायचा का नाही?" पाऊस आला तर अंदाज खरा, नाही आला तर अंदाज खोटा आणि सांगणारा लबाड, असा झटपट निकाल लावण्याची सवय आपल्याला जडली आहे. ती सवय घातक आहे. ती का, हे या पाठात पाहू.

न्यायशास्त्रात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिल्या दोहोंची वात्स्यायनांच्या भाष्यातील उदाहरणे पावसाचीच आहेत. मेघ दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे, हे पूर्ववत् अनुमान. येथे कारणावरून कार्य ओळखले जाते. नदी भरून वेगाने वाहताना पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे म्हणणे, हे शेषवत् अनुमान. येथे कार्यावरून कारण ओळखले जाते. एक पुढचे सांगते, दुसरे होऊन गेलेले सांगते. ही दोन अनुमाने ज्याने नीट ओळखली, त्याला पावसाळ्यात पुष्कळ कळले म्हणायचे.

प्रथम पूर्ववत् अनुमान घेऊ. हवामान खात्याचा अंदाज या जातीचा आहे. हे खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्य ठाणे दिल्लीस गेले, पण नाव राहिले. या खात्याचे चार रंग आज सर्वांच्या तोंडी आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे आता हालचाल करा. यांतील एकाही रंगाचा अर्थ "तुमच्या दारात पाऊस पडणारच" असा नाही. रंग पावसाचे वचन देत नाही, तो माणसाला काम सांगतो. हा भेद लक्षात आला तर निम्मा वाद मिटतो.

आता दोन वादळांचा दृष्टान्त पाहा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर होता. आधीच्या दिवसांत सर्वांचे डोळे मुंबईकडे लागले होते. मुंबई पुष्कळशी वाचली, रायगड झोडपला गेला, आणि वादळ घाट चढून आपल्या मावळ, खेड, जुन्नर भागात आले. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, फुलांची हरितगृहे फाटली. 'वादळ समुद्राकाठच्यांचे, आपल्याला त्याचे काय' असे म्हणणाऱ्या चाकणकराच्या दारातले झाड त्या दुपारी आडवे झाले.

दुसरे वादळ जून २०२३ चे. त्याचे नाव 'बिपरजॉय'. ही दोन्ही नावे बांगलादेशाने दिलेली. निसर्ग शब्द आपल्या ओळखीचा आहे. बिपरजॉय हा बंगाली उच्चारातला आपला संस्कृत 'विपर्यय' होय. बंगालीत त्याचा अर्थ संकट, आणि न्यायशास्त्रात विपर्यय म्हणजे उलटे ज्ञान, दोरीच्या ठिकाणी साप दिसणे. त्या वर्षी झालेही तसेच. वादळ आले म्हणजे पाऊस आलाच, असे पुष्कळांनी धरले. पण ते वादळ दिवसचे दिवस अरबी समुद्रात फिरत राहिले आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्याला लागले. समुद्रावरची वाफ त्याने आपल्याभोवती ओढून घेतली आणि मोसमी वाऱ्यांची चाल मंदावली. देहूचे प्रस्थान १० जूनला झाले, आळंदीचे ११ जूनला, आणि पालख्या उन्हातून चालल्या. मुंबईत मोसमी पाऊस पोचायला २५ जून उजाडला. येथे खात्याचा शब्द खोटा पडला नाही. 'वादळ' हा शब्द ऐकून 'पाऊस' हा अर्थ ऐकणाऱ्याने काढला, तो विपर्यय.

आणि २०२५ साली याच्या उलट झाले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद पूर्वी नाही. मृग लागायच्या आत, रोहिणीतच शेते भिजली आणि मशागत तशीच राहिली. आम्ही पंचांग मानतो. नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस की गाढव, हे घरोघर हौसेने वाचतात. पण ते गणिताने आधी काढलेले असते. आज समुद्रात काय उठले आहे हे त्यात नसते, आणि ते सांगण्याचा पंचांगाचा दावाही नाही. पेरणीच्या हंगामाचे स्थूल मान नक्षत्रावरून घ्यावे, उद्याच्या वादळाचे ताज्या इशाऱ्यावरून घ्यावे.

येथे शंका निघते. "अहो महाराज, जिल्ह्याला केशरी रंग असतो आणि आमच्या गावात शिंतोडाही पडत नाही, त्याचे काय?" त्याचे समाधान असे. पुणे जिल्हा घाटमाथ्यापासून इंदापूरच्या कोरड्या रानापर्यंत पसरला आहे. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण ७०० ते ७५०. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात पर्जन्य मोजायचे भांडे ठेवण्यास सांगितले आहे. तेथे जांगल देशाचा पाऊस १६ द्रोण दिला आहे आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, 'अमित' म्हटला आहे. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन न्याय, हे जुन्यांनाही ठाऊक होते. म्हणून खाते हल्ली घाटमाथ्याचा इशारा वेगळा देते. तो वेगळा वाचावा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार' आणि ११५.६ पासून पुढे 'अति जोरदार' पाऊस धरतात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे ४ लाख लिटर पाणी पडले. ते पाणी घाटावर पडते आणि उतरते कोठे?

येथून शेषवत् अनुमान सुरू होते, आणि ते वारकऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. इंद्रायणी लोणावळ्याकडे उगम पावते, देहू-आळंदीवरून वाहते आणि तुळापुरास भीमेला मिळते. लोणावळा आणि आळंदी यांत सरळ रेषेत ५० किलोमीटरांच्या आसपास अंतर. आळंदीला लख्ख ऊन असते, घाटावर बायामाणसे धुणी धूत असतात, आणि वरच्या अंगाला कोसळलेले पाणी वाटेत असते. म्हणून आमचे निक्षून सांगणे आहे की, आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून नदीत उतरू नये. इंद्रायणीचे आभाळ लोणावळ्यावर आहे.

न्यायसूत्रात अनुमानावर आक्षेपही घेतला आहे. नदी भरते ती पावसानेच कशावरून? वाटेत बांध असला तरी पाणी चढते. मग अनुमान प्रमाण कसे? उत्तर दिले आहे की, नुसते पाणी चढणे ही खूण नव्हे. गढूळ, वेगवान, फेस, पाने, फळे, लाकडे वाहून आणणारे पाणी ही पावसाची खूण. शेकडो वर्षांचे हे उत्तर आज घाटावर जसेच्या तसे उपयोगी पडते. पाण्याचा रंग बदलला, पाने-काटक्या येऊ लागल्या की लोटा भरायला न थांबता पायऱ्या चढाव्या. आणि बांधाचा आक्षेपही आज खरा आहे. पवना धरणातून पाणी सोडले की चिंचवडला नदी चढते. उजनी आणि वीर धरणांतून सोडले की पंढरपुरास चंद्रभागा वाळवंट व्यापते, तेथे थेंब पडलेला नसला तरी. म्हणून पावसाच्या इशाऱ्याबरोबर धरणाची सूचनाही ऐकावी.

१५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोक्याचा असल्याची पाटी तेथे होती. पाण्याला जोर होता. चारच दिवसांनी, १९ जूनला, त्याच नदीच्या काठावरून, आळंदीहून, माउलींची पालखी निघाली. पाटी वाचून 'काही होत नाही' म्हणणे आणि केशरी रंग पाहून 'पडत तर नाही' म्हणणे, ही एकच वृत्ती. दहा वेळा इशारा कोरडा गेला म्हणून अकराव्या वेळी हसणारा माणूस नदीला ओळखत नाही.

कोणी म्हणेल, "आमचा भार विठ्ठलावर, आम्हांला अंदाज कशाला? एकादशीचे स्नान चुकवायचे का?" स्नान चुकवू नये. परंतु धर्मशास्त्राने स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत: मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. नदीत बुडी मारणे हे त्यांतले एक, वारुण. ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे हे दिव्य. जो अशक्त आहे, ज्याला पाणी मिळत नाही, त्याला मानस स्नान आहे. ज्या शास्त्राने इतक्या वाटा मोकळ्या ठेवल्या, त्याने पुरात उतरायला सांगितले असे कोणी म्हणू नये. पूर असता लोटाभर पाणी अंगावर शिंपडावे, नाम घ्यावे, दर्शनाला लागावे. देवावर भार टाकणे म्हणजे देवाने दिलेले डोळे मिटणे नव्हे.

मग मंडप घालायचा की नाही? केशरी रंग असेल तर मंडप देवळाच्या आत आणावा, विजेच्या तारा उंच बांधाव्या, लांबून येणाऱ्या म्हाताऱ्यांना निरोप द्यावा. कांदा झाकावा. पाळीवर जाणाऱ्याने ओढ्यावरचा रस्ता टाळावा. एवढे करून पाऊस नाही आला तर काही गेले नाही. कीर्तन आत झाले, कांदा कोरडा राहिला, माणसे घरी पोचली. आला तर सर्व वाचले. वाट या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, चालायची वाट आणि पाहायची वाट. वारकरी चालायची वाट तयारीने चालतो, पडशीत घोंगडी असतेच. पावसाची वाटही त्याने तशीच तयारीने पाहावी.