विळीची धार आणि विजेचे चाक

विळी बोथट झाली की कांदा चिरला जात नाही, चेंगरतो. डोळे चुरचुरतात. मग बाई जोर लावते. जोर लावला की कांदा सटकतो आणि बोट पात्यावर जाते. धारेच्या विळीपेक्षा बोथट विळीच जास्त दगा देते, बरे का!

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके कांद्याचे आणि उसाचे. घरात विळी, रानात खुरपे, ऊसतोडीला कोयता. पात्यावाचून इथे एक दिवस जात नाही. पूर्वी धारवाला सायकलवर येई. सायकल उभी करून तो पायडल मारी, की चाक फिरे. आता बऱ्याच ठिकाणी विजेचे चाक आले आहे. बटण दाबले की काम सुरू.

हे चाक चांगलेच आहे. पण ते फार वेगाने फिरते. साधे मोटरचे चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते. पाते टेकले की ठिणग्या उडतात आणि पाते तापते. इथेच घोटाळा होतो.

लोहार पाते घडवताना तुम्ही पाहिला असेल. पाते लाल तापवतो, ठोकतो, मग पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो. याला पाणी देणे म्हणतात. त्यानेच पोलाद कडक होते. तेच पाते पुन्हा फार तापले, तर कडकपणा जातो. धारेजवळ आधी पिवळसर रंग येतो. सुमारे ३०० अंशांना तो निळा होतो. निळे दिसले की त्या जागेचे पाणी उतरले म्हणून समजा. धार त्या दिवशी लागेल, पण लवकरच मरेल. मग पुन्हा चाक, पुन्हा घासणे. सासूच्या हातची चांगली विळी अशीच झिजून जाते.

यावर उपाय साधा आहे. पाणी १०० अंशांना उकळते. पात्यावर ओल टिकून आहे, तोवर पाते बिघडण्याइतके तापलेले नाही. म्हणून धारवाल्याजवळ पाण्याचा डबा आहे का ते पाहा. नसेल तर आपला तांब्या पुढे करा. "काका, मधून मधून पाण्यात बुडवा, पाते निळे होऊ देऊ नका," असे म्हणायला भिऊ नका. पैसे आपण देतो, विळीही आपली. चांगला कारागीर रागावत नाही. तो पाते क्षणभर टेकवतो, उचलतो, बुडवतो, पुन्हा टेकवतो.

चाक तुमचेच असेल तर आणखी जपा. पाणी जवळ आणि वीजही जवळ! ओल्या हाताने बटणाला हात लावू नका. तीन पिनांचाच प्लग वापरा. पदर खोचून घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. तडा गेलेले चाक कधी चालवू नका. ते फुटून अंगावर येते.

सुरीसाठी विजेचे छोटे यंत्रही मिळते. त्याच्या खाचेतून सुरी मुठीकडून टोकाकडे सावकाश ओढायची, दाबायची नाही. विळी त्यात जात नाही. तिचे पाते वाकडे, शिवाय पाटाला बसवलेले. खवणीच्या दातांना तर कुठलेच चाक लावू नका.

खरे सांगायचे तर घरच्या विळीला दर वेळी चाक लागतच नाही. धारेचा दगड भिजवून घ्या. पाट पायाने दाबून धरा आणि दगडच पात्यावरून फिरवा, पाटाकडून टोकाकडे. दगड किती तिरपा धरावा? कागदाचा चौकोनी कोपरा घ्या. एकदा दुमडा, पुन्हा दुमडा. जो चिंचोळा कोपरा राहील, तेवढा. दहा वेळा एका बाजूने, दहा वेळा दुसऱ्या बाजूने. कडेला बारीक खरखर राहिली तर हलक्या हाताने काढा.

धार अंगठ्याने पाहू नका. कागद कापून पाहा. मग पाते धुऊन कोरडे पुसा. त्यावर लोखंडाचा बारीक कीस असतो, तो भाजीत जायला नको.