हाडांवरून मानेचा आकार
(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश : लुप्त प्राण्याचे रूप ठरविताना पुरावा किती व अनुमान किती, हे विद्यार्थ्यांस कळावे.

साहित्य : ज्वारीच्या ताटाचे तुकडे, दाभण, सुतळी, चिकणमाती.

प्रस्तावना : मुलांस बैलाची मान निरखावयास सांगावे. वशिंडात हाड नसते. गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीतही नसते. ज्याने केवळ सांगाडा पाहिला, त्यास ही दोन्ही अंगे कशी सुचावीत?

विवेचन : हीच अडचण बदकचोच डायनोसॉरांविषयी येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते नष्ट झाले. त्यांच्या मानेचे मणके नागमोडी वळणाचे असत. चित्रकारांनी पुष्कळ वर्षे मान मणक्यांबरहुकूम बारीक काढली. परंतु जड डोके पेलावयास स्नायू व बळकट बंध लागतात. म्हणून काही अभ्यासक ती घोड्याच्या मानेप्रमाणे रुंद व मांसल मानतात. १९०८ साली अमेरिकेतील वायोमिंग येथे कातडीच्या ठशांसह एक सांगाडा मिळाला. २०१३ साली कॅनडातील अशाच एका अवशेषात डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या तुऱ्यात हाड नव्हते. नुसत्या कवटीवरून तो कोणास कळला नसता.

धाराशिव जिल्ह्याची भूमी मुख्यत्वे लाव्हारसाच्या काळ्या खडकाची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे मात्र त्या खडकाखालील थरांत एका डायनोसॉरची हाडे सापडली. त्याचे वर्णन १९९७ साली झाले. पुढे २००३ साली, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून, त्यास ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले. हा बदकचोच नव्हे, निराळ्या कुळातला. त्याची कवटी मिळालेली नाही. तेव्हा चित्रातील त्याचे डोके हे अनुमानच होय.

कृती : ताटाचे तुकडे दाभणाने सुतळीत ओवून दोन सारख्या माना कराव्यात. एका गटाने मातीचा पातळ थर द्यावा, दुसऱ्याने जाड. मणके सारखेच, रूपे मात्र भिन्न! खरे कोणते, असे मुले विचारतील. शिक्षकांनी निर्णय देऊ नये. ‘ठरविण्यास कोणता पुरावा हवा?’ असे उलट विचारावे.

स्वाध्याय : वहीत दोन रकाने आखून ‘पाहिलेले’ व ‘अनुमानलेले’ असे लिहावे. पुस्तकातील चित्रासही हीच कसोटी लावावी. छापलेले तेवढे सिद्ध झालेले, ही समजूत या पाठाने दूर झाली, तर पाठ सफल झाला असे समजावे.